फायरप्लेसला पाणी मारलं

मी दहावी नापास. जितक्यांदा बसलो तितक्यांदा. बायको मात्र कॉम्प्युटर इंजिनियर. एकाच गल्लीतलं प्रेम, म्हणून लग्न झालं. तिला न्यू जर्सीत नोकरी लागली, तसा तिच्या सामानाबरोबर मीही आलो. माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नाही. इथले मराठी लोक पार्टीत विचारायचे, "तुम्ही कुठे असता?" मी म्हणायचो, "घरी." ते हसायचे. त्यांना वाटायचं, जोक मारला.

२००५ साली आम्ही वेस्ट विंडसरला जुनं टाउनहाऊस घेतलं. त्यात एक फायरप्लेस, म्हणजे भिंतीतली शेकोटी होती, भोवती काजळी धरलेल्या विटा. त्याच थंडीत सासरे यायचे होते. सासरे बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. लग्नात अक्षतासुद्धा त्यांनी मला नेम धरून मारल्या होत्या. "हा करतो काय?" हा त्यांचा प्रश्न लग्नाच्या आधीपासूनचा.

बायको एक दिवस कॉलिंग कार्डवरून केलेल्या फोनवर त्यांना सांगून बसली, "बाबा, घरातलं सगळं तो स्वतःच्या हातानं करतो. आता फायरप्लेसला टाइल्स लावतोय. याल तेव्हा बघा!"

मी मागून हात हलवतोय, नको सांगू, नको सांगू. पण शब्द गेला. आता बापापुढे तिची मान वर राहणार की खाली जाणार, ते माझ्या हातात. आणि माझ्या हातानं साधा खिळा सरळ जात नाही.

हार्डवेअरच्या दुकानात एकानं तयार मसाल्याची बादली दिली. झाकण उघडलं तर आत श्रीखंडासारखं काहीतरी. वाळू नको, सिमेंट नको, कालवायचं नाही, थापीनं फासायचं आणि टाइल चिकटवायची. म्हटलं, हे तर मलाही जमेल.

शनिवार-रविवार दोघं बसलो. ती लेव्हल धरून, मी थापी धरून.

"अरे, खाली गेली ती. वर घे."

"घेतली."

"ती नाही, बाजूची!"

"बाजूची आत्ता सरळ होती."

"होती ना. तू कोपर टेकलंस."

"मग मी कोपर कुठे ठेवू, फ्रीजमध्ये?"

"तू लांब हो. मी करते."

"आणि बाबांना काय सांगशील? मी लांब उभं राहून केलं?"

रविवारी संध्याकाळी शेवटची टाइल बसली. लांबून, डोळे बारीक करून बघितलं तर चक्क छान दिसत होतं. ती म्हणाली, "रोज पाणी मार हं, विसरू नकोस."

आता हे काय सांगायला पाहिजे? नवं बांधकाम झालं की सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, तरच ते पक्कं होतं. आमच्या गल्लीत कुणाची भिंत झाली की पाणी मारायचं काम माझ्याकडेच यायचं, कारण मी रिकामाच असायचो. माझं सगळं शिक्षण तेवढंच. मसाल्याची बादली रिकामी झाली होतीच, तीच धुतली, भरली आणि मगानं मारायला लागलो.

मंगळवारी मधली टाइल बोटभर खाली आली. मी ऑफिसात फोन लावला. "अगं, घसरतेय."

"पाणी मारतोयस ना?"

"मारतोय की."

"मग जास्त मार. घरात हीटिंग चालू आहे, लवकर सुकत असेल."

इंजिनियर बोलली. मी दुपारचंही मारायला लागलो. टाइल्स आणखी उतरल्या. त्यांना टेप लावल्या, टेप भिजून सुटल्या. कार्पेट सादळलं, खोलीत ओल्या कुत्र्याचा वास. ती ऑफिसातून आली की पर्स न ठेवता आधी तिकडे बघायची, मग माझ्याकडे. "तुझ्याच हाताखाली कसं काय सगळं वाकडं होतं रे?" मला वाटलं, फेकून द्यावी ती थापी. फेकली नाही, कारण नंतर मलाच ती परत शोधावी लागली असती. दुसऱ्या दिवशी आणखी एक बादली पाणी.

सासरे विमानतळावरून आले ते माकडटोपीसकट थेट फायरप्लेससमोर. अंगठ्यानं एक टाइल दाबली. टाइल हलली. बायकोनं डोळे मिटले.

"पाणी कमी पडलंय," सासरे म्हणाले. "जावईबापू, पाण्याचा मग आणा."

बूटही न काढता त्यांनी स्वतः पाणी मारलं. सढळ हातानं. मग आम्ही चहाला बसलो. पहिला घोट घेतोय तोच वरची ओळ सुटली. ती खालच्या ओळीला घेऊन आली, आणि सगळं एकदम धडाधड जमिनीवर. भिंतीवर नुसतं पांढरं पातळ श्रीखंड ओघळत होतं.

बायको उठली, टाइल उचलायला वाकली आणि तिची नजर बादलीवर गेली. तिनं बादलीवर छापलेलं मोठ्यानं वाचलं. हा मसाला हवेनं सुकतो, पाणी लागू देऊ नका. मोठ्या अक्षरात होतं. इंग्रजी होतं, म्हणून मी त्याला डिझाइन समजलो होतो.

"मीच म्हणाले जास्त मार," ती हळू म्हणाली. तिचा चेहरा बघवेना. मी जोक शोधत होतो, सापडला नाही.

सासऱ्यांनी टोपी काढली. "रोज मारत होतात पाणी?"

"हो बाबा," मी म्हटलं. "सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"एकही दिवस खाडा नाही?"

"नाही."

"आमच्या खात्यात हे एकालाही जमलं नाही," ते म्हणाले आणि लेकीकडे वळले. "करतो की गं हा."

एवढ्या वर्षांत पहिलं कौतुक, आणि तेही ज्या कामानं वाट लावली त्याचंच. मला हसूही येईना, रडूही येईना. बायको मात्र बापाकडे बघून फिस्कन हसली, मग फडकं माझ्या अंगावर फेकून म्हणाली, "पूस आता."

तो मसाला खरवडता खरवडता अख्खी थंडी गेली. सासरे खुर्ची टाकून समोर बसायचे, शाल पांघरून, आणि कोपरा कुठला राहिला ते दाखवायचे.