गाण्यांखालचा आवाज

माघातल्या दुपारी गुऱ्हाळांचा धूर आमच्या यवतच्या घरांवर खाली उतरतो आणि उकळत्या रसाचा गोड, किंचित करपट वास खिडकीच्या पडद्यांत अडकून राहतो. ऊन तिरपं झालेलं असतं, पातळ ताकासारखं. महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज भिंतीपलीकडे अखंड वाहत असतो. घरात मात्र इतकी शांतता, की चालू असलेला फ्रिज थांबला तर तो थांबल्याचंही कळतं. माझी पत्नी मंगल गेल्यापासून रविवारची ही वेळ मला जड जाते. इतर दिवशी दूध संस्थेच्या कार्यालयात आकड्यांची बेरीज जुळवता जुळवता संध्याकाळ होते. रविवारी जुळवायला काही नसतं.

अशाच एका रविवारी मुलीचा शिरूरहून, तिच्या सासरहून फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "पप्पा, आईचा आवाज कशातच न्हाई हो आपल्याकडं." बघतो, म्हणालो. फोटो पुष्कळ होते. पण मंगल साधा बटणांचा फोन वापरायची, आणि रोज ऐकू येणारा आवाज जपून ठेवावा असं कुणाच्या मनात येतं? राहता राहिली मुलीच्या लग्नाची डीव्हीडी. ती लावली, तर हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी. मंगलचे ओठ हलत होते, ती कुणाला तरी हात करून बोलावत होती, आचाऱ्यावर रागावत होती, आणि तिच्या रागावण्यातून कुठल्याशा गायिकेचा गोड सूर वाहत होता. आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगची रीतच ती. माणसांचा आवाज त्यात ठेवत नाहीत.

शूटिंग करणारा मंगलच्या माहेरचा, निमोण्याचा. त्याला विचारलं, तर तो हसला.

"आप्पा, मूळ आवाज ठिवला तर काय ऐकाल? जनरेटर, भांडी, आन् पंगतीतली भांडणं. गाण्यामुळं तर लग्न गोड वाटतंय." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. "अक्कांसाठी पायजे व्हय? मूळ शूटिंग हाय माझ्याकडं. देतो. पन तुमच्या कम्प्युटरवर उघडंल का न्हाई, त्याची गॅरंटी न्हाई. त्या कॅमेऱ्याच्या फायलींचं झेंगाट येगळंच व्हतं."

खरंच उघडेना. ही फाइल चालवता येत नाही, एवढंच कम्प्युटर नम्रपणे सांगत राहिला. शेवटी मुलीने फोनवरून एका फुकट सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. फुकट म्हटलं की मी सावध होतो. कशाच्या बदल्यात, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण त्याने नाव विचारलं नाही, नंबर मागितला नाही, जाहिरात दाखवली नाही. रस्त्याच्या कामापाशी ठेवतात तसला एक केशरी शंकू पडद्यावर आला आणि, जगात कुठंतरी बसलेल्या अनोळखी माणसांनी मला न विचारता माझी अडचण ओळखून ठेवली असावी तसं, ते अडून बसलेलं चित्र सहज हलू लागलं.

गाणी नव्हती. मंडपाचा खरा कल्लोळ होता. पण मंगल दिसली आणि तिने तोंड उघडलं, की नेमका माइकवरचा माणूस गर्जायचा. अमुक आप्पांचा सत्कार, तमुक आबांना शाल आणि श्रीफळ. आमच्या भागात लग्नात नवरा-नवरीपेक्षा पुढाऱ्यांची नावं अधिक वेळा घेतली जातात, आणि एक नाव राहिलं तर वर्षभर रुसवा चालतो. ते सारे सत्कार मी पुन्हा निमूटपणे ऐकले. एकेक फाइल संपत गेली. मंगलचा एकही शब्द स्वच्छ मिळाला नाही, आणि मुलीला काय सांगावं, याचा विचार करत मी पुढची फाइल लावली.

शेवटून दुसरी फाइल कॅमेरावाल्याने चुकून चालू ठेवली होती. जेवायला जाताना त्याने कॅमेरा भटारखान्यालगतच्या टेबलावर ठेवला असावा. चित्रात फक्त टेबलाच्या कापडाची कड आणि उन्हाचा एक तुकडा. पण मागून, माइकपासून लांब, दोन बायका बोलत होत्या. मंगल आणि तिची धाकटी बहीण.

"ह्यांला कुणी वाढलं का गं?"

"दाजी? न्हाई दिसलं. खुर्च्या मोजत असत्याल."

"मोजू दे. तेवढीच मंडपवाल्याला धास्ती." दोघी हसल्या. मग मंगलचा सूर खाली आला. "तसं न्हाई गं. सगळ्यांला वाढत्यात, पन सोता मागायचे न्हाईत. गर्दीत हरवल्यागत होतं त्यांना. दे ते ताट. मीच जाते."

या सॉफ्टवेअरमध्ये आवाज शंभर टक्क्यांच्याही वर नेता येतो. शंभराच्या पुढे टक्के कसे, हे माझ्या हिशेबी डोक्याला पटत नाही. तरी मी नेला, जाईल तितका. भांड्यांचा खणखणाट कानाला टोचू लागला. "सरका बाई, वाट द्या," एवढं ऐकू आलं. मग बांगड्या, मग नुसता कल्लोळ. उन्हाचा तुकडा कापडावर तसाच थरथरत राहिला आणि फाइल संपली.

ते ताट माझ्यापर्यंत पोहोचलं का, हे मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. त्या दिवशी मी काय जेवलो, कुठं बसलो होतो, काहीच हाती लागत नाही.

मुलीला ती फाइल पाठवली. मग पुन्हा लावली. तिचा आवाज त्याच जागी मावळू लागला, आणि या वेळी मी तो वाढवायला हात पुढे केला नाही. ती कॅमेऱ्यापासून दूर चालली होती, आणि त्या मंडपात दूर कुठंतरी मी होतो.