काकूंनी वाचवलेले मासे

घड्याळजीच्या दुकानात एवढे किस्से का साठतात, माहितीय? गिऱ्हाईकाचं घड्याळ टेबलावर उघडं पडलेलं असतं, त्यामुळं आपल्याला उशीर झालाय हे त्याला कळतच नाही! बसतो बिचारा बोलत.

बीडला एसटी स्टँडजवळ मन्मथअप्पांचं असं दुकान होतं, आणि त्याला चिकटून माझं स्टेशनरीचं. अप्पांच्या दुकानामागं पडदा, पडद्यामागं त्यांचं घर. आमच्यातला तिसरा म्हणजे रिक्षावाला अन्वरभाई. केबल टीव्ही नुकता आलेला, फॉरेनच्या वस्तू बाजारात दिसायला लागलेल्या, तेव्हाचं हे.

*

अन्वरभाईच्या मेव्हण्यानं सौदीहून एक व्हिडिओ गेम आणला होता, तळहाताएवढा. आतला माणूस टोपली घेऊन पळायचा आणि वरून पडणारे मासे झेलायचा. अन्वरभाईनं तो दुकानात आणला की सगळे गोळा!

उमापूरच्या एका शेतकऱ्यानं तो बराच वेळ निरखून पाहिला. मग म्हणाला, "आमच्याकडं पाणी पडंना, अन् यांच्यात मासे पडायलेत!"

*

त्याच साली अप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, लकवा मारला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "बोटं हलवत राहा, नाहीतर हात गेला म्हणून समजा." दाबायला रबरी चेंडू दिला. काकूंनी तो शेजारच्या बाळाला देऊन टाकला.

"चेंडू खेळायचं वय हाय का माझं?"

अप्पा घाबरले होते. दुरुस्त झालेलं घड्याळच पुन्हा पुन्हा उघडून बसायचे. अन्वरभाईला ते बघवेना. त्यानं मेव्हण्याला न विचारताच गेम काकूंपुढं ठेवला. "भाबी, ये उजवीकडचं बटण दाबो."

*

पण काकू पक्क्या लिंगायत. घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती! मासे दिसताच त्यांनी गेम पालथा घातला. "मी मासे धरू? मेले तरी धरणार न्हाई!"

अन्वरभाई लगेच म्हणाला, "भाबी, वो मारता नै! झेलून पाण्यात सोडतो. खाली पडला तरच मरतो!"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. अप्पांनीही हलवली. एका खोट्यासाठी एवढी एकी आमच्या गल्लीत परत कधी झाली नाही!

*

डावा हात मधे मधे करायचा, म्हणून अप्पांनी नियम काढला, "डावा हात पदरात!" सुरुवातीला नुसते मासे मरायचे आणि काकू रडायच्या. आणि एके दिवशी आतून हाक आली, "अहो, वाचला! एक वाचला!"

अप्पा गिऱ्हाईकासमोरच रडले. मलाही लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

*

मग दिवसभर पडद्याआडून तेच. "मेला गं बाई! अजून एक मेला!" तलवाड्याचे एक गुरुजी घड्याळ न्यायला आले होते, ते टोपी काढून उभेच राहिले.

"अप्पा, कोण गेलं हो?"

"काय न्हाई गुरुजी, मासा होता."

गुरुजी घड्याळ न घेताच गेले!

*

गेमला घड्याळाचेच सेल लागायचे. त्यामुळं आलेले सेल आधी पडद्याआड जायचे. कोर्टातला एक कारकून वैतागला, "माझंच घड्याळ कावून अडकवून ठेवलंय?"

अप्पा म्हणाले, "साहेब, कोर्टात घड्याळाचं काय काम हाय? तारीख कळली की झालं!"

*

मेव्हण्याचा पुन्हा सौदीला जायचा दिवस आला, तेव्हा त्याला गेम आठवला. अन्वरभाई त्याला पडद्याआड घेऊन गेला. काकू खेळत होत्या. मेव्हणा त्यांच्या उजव्या हाताकडं बघून म्हणाला, "रहने दो भाबी के पास." त्या भल्या माणसाचे उपकार आम्ही कसे विसरणार?

*

काही वर्षांनी पुण्याचे एक साहेब घड्याळाचा पट्टा बदलायला आले. काउंटरवर गेम दिसला आणि त्यांचे डोळेच चमकले. असे जुने गेम जमवणारे शौकीन असतात, हे आम्हाला काय माहीत!

"अहो, हे आता मिळत नाहीत! मागाल ती किंमत देईन. मूळ डबा आहे?"

अप्पा म्हणाले, "हाय की. देवघरात हाय. विभूती ठेवलीय त्यात."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग गेम उजेडात धरून नीट पाहिला. उजवीकडचं बटण झिजून सपाट झालं होतं, रंग पार उडालेला.

"अरेरे! किंमत गेली हो सगळी! इतक्या चांगल्या वस्तूची ही दशा केली तरी कुणी?"

अन्वरभाई काही बोलणार, तेवढ्यात पडदा हलला. काकू बाहेर आल्या. उजव्या हातात काठोकाठ भरलेली कपबशी. थेंबही न सांडता त्यांनी ती साहेबांपुढं ठेवली.

"मीच केली. घ्या, चहा गरम हाय तवर."