पाव्हण्यांच्या नळाचं पाणी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चादर पिळायचं. पांढरीशुभ्र, मोठ्या पलंगाची चादर. एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या. मी एकीकडं पीळ द्यायचा, तिनं दुसरीकडं. खाली बादली ठेवलेली. पिळून निघालेलं पाणी बादलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही तिची ताकीद. माझ्या बोटांना आता पकड राहिलेली नाही. टोक निसटलं आणि धार मातीत गेली.

"अवं, धरा की नीट! म्हशीचं आचळ बरं धरत होता जलमभर."

"म्हैस अशी वढत नव्हती," मी म्हणालो.

ती हसली. चादर दोरीवर टाकली, बादली उचलली आणि पाव्हण्यांच्या संडासात नेऊन ठेवली. तेवढंच. सगळा संसार झाला आणि शेवटची थट्टा म्हशीच्या आचळावर झाली.

आमचं मूळ गाव घाटनांदूरच्या अंगाला. तिथं घरी म्हशी होत्या आणि मी सहकारी दूध संस्थेत माप घालायला होतो. दुष्काळ पडला तशी जनावरं छावणीत गेली, काही बाजारात गेली, आणि दुधाचे कॅन रिकामे वाजू लागले. संस्थेचे पुढारी दुसऱ्या संस्थेत जाऊन बसले. त्यांना काय, खुर्ची मिळाली की झालं. आम्ही कामगारांनी एकेक रिकामा कॅन घरी नेला. मला सहकारानं दिलेली तेवढीच वस्तू, अजून आहे.

मग अंबाजोगाईला आलो. देवळाच्या मागच्या गल्लीत जागा होती, तिथं दोन खोल्या बांधल्या. एकीत आम्ही, दुसरी पाव्हण्यांना. जोगाई ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुळदेवी. लांब लांबचे लोक येतात, एक-दोन दिवस राहतात, ओटी भरतात, नैवेद्य दाखवतात आणि जातात. त्यांना खोली द्यायची, चहा द्यायचा. सारवलेली जमीन, वर चटई, पांघरायला तिनं शिवलेल्या गोधड्या. लोक म्हणायचे, घरी आल्यासारखं वाटतं.

पुण्याची एक म्हातारी बाई दर मार्गशीर्षात नवरात्राला यायची. विधवा, गोड बोलणारी. हिला वहिनी म्हणायची, मला भाऊ. हिच्यासाठी दर वर्षी खण आणायची. मग तिच्या मुलाचं लग्न झालं आणि ती यायची बंद झाली. म्हणजे अंबाजोगाईला यायची, पण उतरायची हमरस्त्यावरच्या लॉजवर. पुढं एकदा देवळात गाठ पडली. तिनंच हात धरून सांगितलं, "काय करू वहिनी, सुनेला खाली बसायचा संडास जमत नाही. आणि गोधड्यांना वास येतो म्हणते."

ही घरी आली आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी हिनं पुण्याला आमच्या पोराला फोन लावला. पोरगा कंपनीत आहे, त्याला अशा गोष्टी कळतात. तो म्हणाला, आई, कमोड बसव, गीझर बसव, भिंतींना फिका रंग दे, पांढऱ्या चादरी घाल. मी मोबाइलवर फोटो टाकतो, बघ कसे लोक येतील.

मी म्हणालो, "दुष्काळात पांढरी चादर म्हंजे दारात हत्ती बांधायचा. रोज धुवावी लागंल."

"धुईन."

"पाणी?"

"त्ये मी बघते."

जमीन खणून शहाबादी फरशी घातली. न्हाणीला टाइल्स लावल्या. स्लॅबवर काळी टाकी चढवली, तिथून नळ खाली आणला. मिस्त्री कमोड बसवत होता, तर मला म्हणाला, "आबा, सिंहासन तर आणलंत, पण हे पाणीबी राजावानी पितंय बगा. एका दांडीला बादली."

ही आतून म्हणाली, "तू बसव रं मुकाट्यानं. त्याला पाणी पाजायला मी हाय."

गोधड्या तिनं आमच्या खोलीत आणल्या. त्यांना वास येत होता का, हे मी कधी नीट हुंगून पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. उन्हाचा वास येत होता.

खोली खरंच देखणी झाली. मी नावं ठेवली, पण देखणी झाली. पलंग टाकला, पडदा लावला, आरसा लावला, बल्ब बदलला. आणि पाऊस त्या वर्षी पुन्हा गेला. दिवाळीतच गल्लीत टँकर चालू झाले. नगरपालिकेचा नळ नुसता भिंतीतून बाहेर आलेला लोखंडाचा तुकडा राहिला.

आता हिचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ती गेवराईकडची, गोदाकाठची. तिच्या बापाच्या दारात हौद असायचा. वाटसरू आला की आधी पाय धुवायला पाणी, मग गाव कुठलं ते विचारायचं. तिच्या माहेरचं एक बोलणं होतं : पाव्हण्याला पाणी विचारावं, पाण्याचं गाऱ्हाणं सांगू नये. गोदावरीच्या काठावर हे बोलायला काय जातंय? पण तिनं ते इथं, या खडकावर आणून पाळलं.

म्हणजे काय करायची, तर टँकर आला की रांगेत उभी राहायची. मी कॅन ओढत घरापर्यंत आणायचो. तिथून घागर भरून ती शिडीनं स्लॅबवर चढायची आणि टाकीत ओतायची. माझे गुडघे गेलेले, मला शिडी चढवत नव्हती. खाली पाव्हणे नळ सोडायचे आणि त्यांना वाटायचं, वा, चोवीस तास पाणी! पोरानं मोबाइलवर तसंच लिहिलं होतं. लिहिणाऱ्याचं काय जातंय!

मी किती वेळा म्हणालो, न्हाणीत एक पाटी लाव. पाणी जपून वापरा. तीन शब्द. एवढं तर मलाही लिहिता येतं. एकदा खडूनं दारावर लिहायला घेतलं, तर तिनं ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

"लोकं देवीला येतेत. त्यांनी काय आपल्या घागरी मोजत आंघोळ करायची?"

"आन आपण दोगं एका तांब्यात तोंड धुतो त्ये?"

"आपण काय पाव्हणे हाव का?"

त्या मार्गशीर्षात पुण्याची बाई परत आली. मुलगा, सून आणि लहान लेकरू घेऊन. फोटो बघून आली. सुनेनं दार उघडून न्हाणी पाहिली आणि म्हणाली, "आई, मस्त केलंय हो!" हिच्या तोंडाकडं तेव्हा बघायला पाहिजे होतं. लग्नात बघितलं असेल तेवढंच उजळलेलं.

मी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो. मुलगा नळ सोडून दाढी करायचा. तो पाण्याचा आवाज मला सोसत नव्हता. दाढी संपेस्तोवर मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हणायचो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ही मला डोळ्यांनी दाबायची.

लेकरानं गादीत केलं म्हणून ती चादर धुतली. तीच ती, आम्ही पिळलेली. पाव्हणे देवळात गेले होते. बादली ठेवून आल्यावर ही म्हणाली, टाकी बघते, परत आल्यावर हातपाय धुतील. घागर घेऊन चढली. ओतल्याचा आवाज आला. उतरली, शेवटच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "जरा बसते." घागर हातातून सुटून ओट्यापर्यंत गडगडत आली. मी घागर उचलली. आधी घागर उचलली, मग तिच्याकडं पाहिलं.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणायच्या आधीच संपलं होतं.

घरी आणलं तेव्हा पाव्हणे येऊन दारात उभे होते. पुण्याच्या बाईनं हंबरडा फोडला, खोटा नव्हता तो. गल्लीतल्या बायका जमल्या. तिला न्हाऊ घालायचं तर घरात पाणी नाही. रांजण खडखडीत. बायका एकमेकींकडं बघू लागल्या, कुणाकडं घागरभर आहे का.

पुण्याची बाई डोळे पुसत म्हणाली, "अहो, आमच्या नळाला आहे की भरपूर."

शेजारीण फटकन बोलली, "नळाला कुठलं आलंय पाणी, बाई? त्या टाकीत हिनंच चढविल्यालं हाय. रोज. तुमच्यासाटी."

बाई माझ्याकडं वळली. "भाऊ, खरं?"

मी मान हलवली.

"मग सांगायचं नाही का हो? आम्ही येताना कॅन भरून आणले असते. दोन तांब्यांत भागवलं असतं. आम्ही काय परके होतो?"

"ती सांगू देत नव्हती."

"तुम्ही तरी सांगायचंत!"

तिचा मुलगा भिंतीकडं बघत उभा होता. गुळगुळीत दाढी केलेला.

मग बायकांनी त्याच नळाला बादल्या लावल्या. तिनं चढवलेलं पाणी तिच्याच अंगावर घातलं. तिच्या आंघोळीला इतकं पाणी त्या वर्षात कधी मिळालं नव्हतं. बादली भरता भरता नळ फुर्र करून थांबला.

पाव्हणे लॉजवर गेले. त्यांचंही चुकलं नाही. सुतकाच्या घरातून देवीची ओटी नेता येत नाही. बाई शिडीच्या पायथ्याशी खण आणि नारळ ठेवून गेली. सून खोलीतून बाहेर येताना हळूच म्हणाली, "आजोबा, गीझर बंद केलाय." ते तिनं बरं केलं. पाणी नसताना गीझर जळतो म्हणतात.

पोराची वाट पाहिली. तो आला, मग उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर आला. पोरगा झोपला होता. मी कॅन उचलला. बायका म्हणाल्या, "आबा, तुमी कशाला? सुतक हाय तुमाला, बसा घरी, आमी टाकतो घागर." मी ऐकलं नाही. तिचा नंबर होता तिथं उभा राहिलो. पुढची जरा सरकली.

कॅन ओढत घरी आणला. तिची घागर भरली, खांद्यावर घेतली आणि शिडीला पाय लावला. गुडघे कुरकुरले. मी त्यांना शिवी दिली. एका खेपेला एक घागर, तसा कॅन अर्धा केला. तिसरी घागर ओतली आणि दम खायला टाकीला टेकून बसलो, तेव्हा ऐकू आलं. खाली न्हाणीत नळ चालू होता. काल बायकांनी बादल्या भरल्या, पाणी संपलं आणि तो कुणी बंदच केला नव्हता. मी वर ओतत होतो आणि ते खाली टाइल्सवरून मोरीत जात होतं.

उठायला पाहिजे होतं. उठलो नाही. दाढी करणाऱ्या माणसानं सोडून ठेवल्यासारखा तो नळ वाहत होता आणि मी वर बसून ऐकत होतो. आवाज बारीक झाला, थेंबाथेंबावर आला, थांबला.

मग मी खाली उतरलो, नळ बंद केला आणि कॅनमधल्या उरलेल्या पाण्यात घागर बुडवली.