शेवंतीचा कौल

आमच्या आचरा गावात पिक्चर बघावा की नाही हे सांगणारे दोनच. एक बाबलीचा मोबाईल आणि दुसरी शेवंती. मोबाईलची बॅटरी संपली की त्याचं तोंड तरी बंद होतं. शेवंतीचं तसं नाही.

शेवंती बंदराच्या वाटेवर ब्लाऊज शिवते. नवरा गेला तेव्हा मशीनवर बसली, पोरीला शिकवलं, तिचं लग्न लावलं, आणि अजून बसलेलीच आहे. अस्तर, दोरे, हूक आणायला ती कुडाळच्या बाजाराला जाते आणि बाजार आटपला की पिशव्या मांडीवर घेऊन एकटीच दुपारचा खेळ बघते. सुरुवातीला गावानं नाकं मुरडली. विधवा बाई, तीही एकटी, थिएटरात काय करते? शेवंती म्हणाली, "मशीन मारून पाय दुखतत. थंय बसान सरळ होतत." पुढे नाकं मुरडणाऱ्या बायकाच माप द्यायला आल्या की विचारू लागल्या, काय गो, पिक्चर कसो आसा?

देवळात कौल लावतात तसा मग शेवंतीचा कौल सुरू झाला. "उजवो" म्हणाली म्हणजे बघायचा. "डावो" म्हणाली म्हणजे घरी बसायचं. उजवा मिळाला की माझी मिनीबस भरायची, म्हणून देवाइतकाच मी शेवंतीलाही मानतो.

पण गेल्या वर्षी घात झाला. एका पिक्चरला तिनं उजवा दिला, गाव तिकीट काढून बसलं, आणि मध्यंतरानंतर नायकाचा जुळा भाऊ निघाला, मग त्याचं भूत निघालं, मग काय निघालं ते बघायला फारसं कोणी जागं नव्हतं. नंतर कळलं की एसटी चुकू नये म्हणून शेवंती मध्यंतरालाच उठून आली होती आणि अर्ध्यावरच कौल देऊन मोकळी झाली होती. तेव्हापासून बाबली तिला "अर्धो कौल" म्हणायला लागला. बाबली होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. हात सोन्याचे, पण जीभ कानशीसारखी. बायका माप द्यायला यायच्या, पण पिक्चरचं विचारेनाशा झाल्या. मी शेजारी राहतो, मला दिसत होतं. तिला ते फार लागलं होतं.

यंदा पावसाळ्यानंतर 'एक बाव, दोन घरां' नावाचा पिक्चर आला. बाव म्हणजे विहीर. शेवंती गेली आणि एसटी चुकवून, मिळेल त्या गाडीनं परत आली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीसमोर उभी राहून म्हणाली, "कौल उजवो. ह्या वेळाक आख्खो बगलंय."

बाबलीनं मोबाईल पुढे केला. "दोनच स्टार दिल्यानी आसत. संथ आसा म्हणतत."

"सुरवातीक सावकाश आसा, खरा. पण शिवण आतसून बगूची. आतसून पक्की आसा."

"मुंबयचे लोक खोटा सांगतत काय?"

"तेंच्या घरात नळ आसा. तेंका बावीवरचो पिक्चर काय कळतलो?"

शेवटी तिची मैत्रीण सेलेस्तीन, जिची पावाची भट्टी आहे, पुढे झाली आणि म्हणाली, मी जाणार. मग बायका तयार झाल्या, मग नवरे. बाबलीही आला, फजिती बघायला.

गाडी सुटण्याआधी गाऱ्हाणं घालायचं हा आमचा नेम. नारळ ठेवायचा, देवाला सांगणं सांगायचं, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आवाज खणखणीत म्हणून ते काम बाबलीचं. त्यानं नारळ ठेवला.

"बा देवा रामेश्वरा, तुझी लेकरां कुडाळाक चल्ली आसत, तेंका सुखरूप ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सुखरूप परत हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि पिक्चर वायट निघालो, तर आजपासून शेवंतीन खंयच्याच पिक्चराचो कौल देवचो नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी म्हणालो. रविवारी चर्चला जाणारी सेलेस्तीन म्हणाली. खुद्द शेवंतीही म्हणून बसली. जन्माची सवय, जीभ विचारायला थांबत नाही. शब्द तर देवापुढे गेला होता. शेवंतीचा चेहरा उतरला आणि ती मागच्या सीटवर जाऊन बसली. मला बाबलीचा असा राग आला की पहिला गियर करकरला.

पिक्चर खरंच सावकाश होता. दोन भाऊबंदांचं भांडण, मधे भिंत, आणि ती भिंत थेट विहिरीवरून गेलेली. इकडून एक रहाट, तिकडून एक. इकडच्या घरात पोरगा, तिकडच्या घरात भाड्यानं राहायला आलेल्या मास्तरांची पोरगी. दोघांच्या कळशा विहिरीत एकमेकींवर आपटतात आणि तिथून प्रेम सुरू. चेहरे दिसत नाहीत, नुसत्या कळशा वाजतात. बराच वेळ गाणं नाही, मारामारी नाही. बाबली मुद्दाम खोकत होता. शेवंती पडद्याकडे बघतच नव्हती. ती आमच्याकडे बघत होती.

मध्यंतरानंतर मात्र सेलेस्तीन हसायला लागली. पोरगा कळशीतून गजरा पाठवतो आणि तो नेमका पोरीच्या बापाच्या हाती लागतो, तिथे बाबलीचा खोकला थांबला. पुढे दोन्ही बाप लग्नाला नाही म्हणतात, पोरगी रडते, आणि माझ्या मागच्या रांगेत नाकं ओढल्याचे आवाज आले.

शेवटी विहीर उपसायचा दिवस. गावचा म्हातारा गाऱ्हाणं घालतो. पाणी गोड ठेव. व्हय म्हाराजा. झरो आटव नको. व्हय म्हाराजा. दोन्ही बाप भिंतीच्या दोन बाजूंना, हात जोडून, डोळे मिटून. आणि म्हातारा त्याच सुरात म्हणतो, "ह्या दोन पोरांचा लगीन ह्याच बावीच्या पाण्यान होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

दोन्ही बाप तर म्हणालेच, पण अख्खं थिएटर म्हणालं. आमच्या रांगा, कुडाळचे लोक, दारावरचा तिकीट फाडणारा. माझ्या शेजारी बाबली अर्धा उठून उभा होता, हात जोडलेले. मग हसू फुटलं ते आवरेना. पडद्यावर भिंत फुटत होती आणि शेवंती पदरानं डोळे पुसत होती. मलाही भरून आलं, लपवत कशाला.

बाहेर पुढच्या खेळाचे लोक उभे होते. कोणीतरी बाबलीलाच विचारलं, "बघण्यासारखो आसा काय?" बाबलीनं शेवंतीकडे बोट दाखवलं.

"उजवो," शेवंती म्हणाली, आणि रांग तिकीट खिडकीकडे सरकली.

परतीला मी गाडी सुरू करणार तोच शेवंती पुढे आली. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची आमच्यात पद्धत नाही. तिनं बाबलीच्या हातातला नारळ घेतला आणि समोर ठेवला.

"बा देवा रामेश्वरा, लेकरांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि आजपासून बाबलीन न बघता खंयच्याच पिक्चराक नावां ठेवची नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज बाबलीचा होता. आपण काय बोललो ते त्याला कळलं तोवर गाडी फाट्याला लागली होती.

आता नवा पिक्चर आला की बाबली आधी शेवंतीच्या दारात उभा असतो.