पोलक्यातलं बाळ

बाळ गार पडलं, रडंच ना! सकाळी घरीच झालं, तसं सासूनं गार पाण्यानं धुतलं, माझं पहिलं पिवळं दूध वाईट म्हणून पिळून टाकायला लावलं. वर बोलते, "अंगारा लावायला भगताला बोलावलाय, थांब."

तेवढ्यात दवाखान्याकडून घरोघर फिरणारी आशाताई आली. तिला सगळं दोनदा बोलायची सवय हाय. "दे, दे! बघतेस काय, बघतेस काय?" बाळ उबेला आपल्याच पोलक्यात घालून उघड्या छातीला लावलं न् पळाली टेंपोकडं. मी मागं.

सासू ओरडली, "गेलीस तर परत यायचं न्हाय!"

पडघ्याच्या दवाखान्याच्या अलीकडं पोलक्यातून रडू फुटलं. ताई हळूच बोलली, "रडलं गं." एकदाच!

पोर वाचलं, पन सासूचं दार बंद हाय. तुम्ही थांबला असता काय?