हात वर करून मतदान

"घ्या, तुम्ही फोडा. तुमच्याकडे तर हे वंशपरंपरागत."

वाघोलीच्या दगडखाणीत माझ्या हातात हातोडी देत सर असं म्हणाले. भूवैज्ञानिकांच्या संस्थेची सहल होती. सर संस्थेचे अध्यक्ष, आणि एम.एस्सी.ला मला शिकवणारे. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, गळ्यात भिंगं. सगळे हसले. मोठ्यानं नाही. आमच्या संस्थेत मोठ्यानं हसत नाहीत, नाकातून हसतात.

मीही हसले. काय करणार? सरांना माहीत होतं, माझे आईबाप याच पट्ट्यात खडी फोडायचे. मीच सांगितलं होतं, प्रवेशाच्या मुलाखतीत, अभिमानानं. दुष्काळात मराठवाड्यातून आलेलं आमचं बौद्ध कुटुंब, पत्र्याची खोली, भिंतीवर बाबासाहेब, संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरी होऊन येणारी आई. आपण विश्वासानं सांगितलेलं लोक जपून ठेवतात आणि वेळ साधून बाहेर काढतात, हे मला त्या खाणीत कळलं.

दगड मी फोडला. आत निळा स्फटिक निघाला, वाघोलीच्या काळ्या दगडात क्वचित सापडतो तसला. सरांनी तो रुमालात गुंडाळला. आज तो कर्वेनगरला, संस्थेच्या सभागृहात, काचेच्या कपाटात आहे. खाली लिहिलंय 'शोधक', आणि पुढे सरांचं नाव. हातोडी कोणाच्या हातात होती ते लिहायची पद्धत नाही.

पुढे मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायला लागले. संस्थेची सभासद झाले. वर्षानुवर्षं सहली मीच काढल्या. बस ठरवा, खाणमालकाची परवानगी आणा, डबे सांगा. "तिकडे तुमची ओळख आहे ना," म्हणायचे. व्यासपीठावर मात्र माझी ओळख कोणाला लागली नाही. तिथं कोण बोलणार, कोणाचा शोधनिबंध वाचला जाणार, हे अध्यक्ष, म्हणजे सरच, ठरवणार. माझ्या विद्यार्थिनींचे निबंध दरवर्षी वेळेअभावी राहायचे. खाणीवरच्या वस्तीतून आलेल्या पोरी. नवी साडी नेसून दिवसभर बसायच्या आणि न वाचता परत जायच्या. सभेची वेळ नेमकी यांच्याच नावापाशी कशी संपते? मला संशय यायला लागला. एकदा यायला लागला की तो सगळीकडेच येतो. येऊ दे.

आमच्याकडे अध्यक्ष निवडून येत नाहीत. वार्षिक सभेआधी सरांच्या घरी चार जण पोहे खातात. पोहे संपेपर्यंत नावं ठरतात. सभेत कार्यवाह ती वाचून दाखवतात, टाळ्या पडतात. बिनविरोध. याला संस्थेची उज्ज्वल परंपरा म्हणतात. मला त्या पोह्यांचं बोलावणं कधी आलं नाही.

यंदा मी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. एकाच गोष्टीसाठी. त्या पोरी व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या मला बघायच्या होत्या.

अर्जावर सूचक म्हणून सुधीरनं सही केली. सुधीर माझा वर्गमित्र. आम्ही एका बाकावर बसून शिकलो, एका डब्यात जेवलो. सही करताना म्हणाला, "होऊन जाऊ दे गं. किती दिवस डबेच सांगणार तू?" मला भरून आलं. अर्ज अजून माझ्या पर्समध्येच होता आणि संध्याकाळी सरांचा फोन.

"अहो, ऐकतोय ते खरं का?"

"काय ऐकलंत, सर?"

"आपण सगळी घरची माणसं. घरात कुठं निवडणूक होते का? तुम्हाला उपाध्यक्ष करू. तुमच्यासारख्यांना पुढं आणायचंच आहे आम्हाला."

तुमच्यासारख्यांना. आम्हाला. आणि वर म्हणे घरची माणसं.

"उद्या अर्ज देते, सर," म्हटलं आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं, अर्ज सुधीरशिवाय कोणीच पाहिला नव्हता. मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं शपथ घेतली असती, आणि मला ती खरी मानावी लागली असती.

सभेपर्यंत बरेच जण पार्किंगमध्ये गाठून सांगत होते, "मॅडम, माझं मत तुम्हालाच." आवाज खाली, नजर गाडीच्या आरशात. मी मान डोलवायचे. मनात म्हणायचे, जो माणूस रिकाम्या स्कूटरलाही घाबरून बोलतो, तो सभागृहात काय दिवे लावणार!

रविवारी सकाळी सभा भरली. कपाटात माझा निळा दगड. पहिल्या रांगेत सर आणि जुनीजाणती मंडळी. कोणाकडे पीएच.डी.ची मुलं, कोणाकडे बिल्डरांची कामं. त्यांच्या मागं बसलेल्यांचं पोटपाणी त्यांच्याच शब्दावर. मी मध्ये बसले होते, शेजारी सुधीर.

कार्यवाह म्हणाले, "दोन अर्ज आहेत. मतदान हात वर करून होईल."

मी उठले. "चिठ्ठ्या वाटा. गुप्त मतदान घ्या."

सर बसल्या जागेवरून म्हणाले, "अहो, इथं कोणाला कोणाची भीती आहे? ज्यांना भीती वाटत असेल त्यांनी हात वर करावा."

सगळे नाकातून हसले. हात कोणाचाच वर झाला नाही. भीती वाटणारा माणूस भीतीसाठी तरी हात वर करेल का? सर हुशार आहेत, हे मी कधीच नाकारलं नाही.

"सरांच्या बाजूनं?" कार्यवाहांनी विचारलं.

आणि तेव्हा मी ते पाहिलं. पहिली रांग खुर्चीतल्या खुर्चीत मागं वळली. आपला हात वर करायला नाही. आमचे बघायला. एकेक चेहरा तपासत. त्या नजरेखाली हात उगवत गेले. पार्किंगवालेही सगळे. माझ्या शेजारी सुधीरचा हात कानापर्यंत गेला, जणू खाजवतोय. मग थोडा आणखी वर. माझ्या अर्जावर सही करणारा हात तो.

स्वतः सरांनी हात वर केला नाही. उमेदवारानं स्वतःला मत द्यायचं नसतं म्हणे. सभ्यपणा. एवढे हात असल्यावर कोणालाही सभ्य राहता येतं.

"मॅडमच्या बाजूनं?"

कोणी मोबाईल बघतंय, कोणी चपलेचा पट्टा. कार्यवाहांनी 'बिनविरोधच समजू या' म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि मग वाटलं, माझ्या आईनं दोन्ही हातांनी घण उचलला. मला रिकामा हात उचलता येऊ नये?

मी हात वर केला. सरळ. कोपर न वाकवता.

"मॅडम," कार्यवाह म्हणाले, "स्वतःला मत... आपल्याकडे तशी पद्धत नाही."

"मी सभासद आहे. मोजा."

पहिली रांग माझ्याकडे बघत होती. मीही त्यांच्याकडे बघत राहिले. हात दुखायला लागला तरी खाली घेतला नाही. शेवटी कार्यवाह पुटपुटले, "एक."

"मोठ्यानं बोला. आणि इतिवृत्तात लिहा. बिनविरोध लिहायचं नाही."

त्यांनी लिहिलं. मग मी हात खाली घेतला.

चहाच्या वेळी सुधीर आला. "समजून घे गं. मुलीचा गाईड पहिल्या रांगेत बसलाय."

"समजलं," मी म्हटलं. त्याचं खोटं नव्हतं. म्हणून काही माझं दुखायचं थांबलं नाही.

मग सर आले, हातात बशी. "चला, लोकशाही झाली. आता पुढची सहल वाघोलीला काढा. तुमच्याशिवाय कोण करणार?"

"नाही काढणार, सर. हातोडी तुमची तुम्ही उचला."

पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज भरणार आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही. सूचक नाही मिळाला तर दारोदार फिरेन, कोणी कोणी नाही म्हटलं ते लक्षात ठेवीन. चिठ्ठ्या आता मागणार नाही. होऊ दे हात वर करूनच. फक्त मी मध्ये बसणार नाही. सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत, सरांच्या शेजारची खुर्ची धरणार. आणि कार्यवाहांनी माझं नाव पुकारलं की खुर्ची फिरवून, तोंड सभागृहाकडे करून बसणार. पार्किंगमध्ये ज्यांनी ज्यांनी मला शब्द दिला, त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून हात खाली ठेवावा.