कथेतली प्रोग्रामर राजीनामा का देत नाही

माझी पहिली प्रोग्रामर तिसऱ्या पानावर भाषण देते. मॅनेजरच्या टेबलावर हात आपटून म्हणते, आम्ही यंत्रं नाही. दुसरं काय सुचणार? सहा वर्षं झाली, नांदेडच्या आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं मीच लिहिते. वसतिगृहात पाणी नाही, लिहा. निकाल अडकला, लिहा. पत्रकातला माणूस एकच काम करतो, मागणी करतो. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा मागितली, तरुण प्रोग्रामरवर लिहा, आजचा विषय आहे म्हणाले, तेव्हा मी एका बैठकीत बारा पानं काढली.

माझी मावसबहीण लातूरला प्रोग्रामर आहे. तिला पानं पाठवली. तिचा फोन आला तो हसतच.

"अक्का, ही पोरगी नुस्ती टायपिंगच करायली की. वाचती कधी?"

प्रोग्रामर दिवसभर दुसऱ्यानं लिहिलेलं वाचत बसतो, कुठं अडतंय ते शोधतो आणि संध्याकाळी एखादी ओळ बदलतो नाहीतर काढून टाकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. राग आला, तिचा नाही, माझाच. चार दिवसांचे कपडे पिशवीत कोंबले आणि लातूरची बस धरली. तिच्या शेजारी बसायचं, बघायचं, खरं लिहायचं.

शेजारी बसता येत नाही, हे पोचल्यावर कळलं.

काकांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, बियाण्या-खतांचं दुकान आहे, त्याच्यावरच्या खोलीत ती काम करते. कंपनी बेंगळुरूची. काकांनी पोरीला बेंगळुरूला जाऊ दिलं नाही, घरी बसून करते तर करू दे म्हणाले. त्या परवानगीच्या पोटात आणखी एक ठराव होता, कुणी न बोललेला. नोकरी आहे तोवर उदगीरच्या स्थळाचा विषय काढायचा नाही. त्या लोकांचे दोन फोन येऊन गेलेत. नोकरी गेली की तिसऱ्या फोनला काका हो म्हणणार, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिला तर सगळ्यात जास्त.

कंपनीनं तिच्या लॅपटॉपमध्ये एक बला घालून ठेवलीय. ती बला दिवसातून कधीही, न सांगता, समोरच्या कॅमेऱ्यातून फोटो काढते. पाच मिनिटं हात हलला नाही की नावापुढं लाल खूण. फोटोत दुसरं कुणी दिसलं तर नोकरीवरच गदा, कारण कंपनीचं काम बाहेरच्यानं पाहिलं. (हे तिला विचारूनच लिहिते आहे. तिथं मराठी वाचणारं कुणी न्हाई, लिही, म्हणाली.) म्हणून ते घर वाकतं. मावशी चहा आणते ती दारापासूनच ओणवी होऊन, कप टेबलाखालून वर सरकवते आणि तशीच मागं जाते. कपाटातलं काही लागलं तर काका येतात, कपाळावर विभूती, पांढरा सदरा, आणि गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडेनं वाकून चालतात. दुकानात या माणसापुढं आवाज चढवायची कुणाची टाप नाही.

"वाकून जा गं," मावशीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, चप्पल बाहेर काढ म्हणावं तसं.

दोन दिवस मी दाराशी जमिनीवर बसून पाहिलं. ती वाचायची. ओठ हलवायची. मान दुखली की डावीकडं मोडायची, पण एक हात माउसवर ठेवूनच. पाण्याला उठली तर पळत जायची, पळत यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मला खिडकीत राहिलेली माझी वही हवी होती. मी वाकले नाही. विसरले असं सांगता येईल, पण ते खोटं आहे. काकांना वाकताना पाहून दोन दिवस डोकं तापलं होतं. मी तिच्या मागून ताठ चालत गेले आणि ताठ परत आले.

अर्ध्या तासात मेल आला. फोटोत कोण आहे? संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा द्या, मग ठरवू.

खुलासा, निवेदन, निषेध, हे तर माझं रोजचं काम. मी दाराशी बसून मराठीत सांगत गेले, ती इंग्रजीत टाइप करत गेली. राहत्या घरात कॅमेरा कोणत्या अधिकारानं लावता, इथपासून सुरुवात केली. दीड पानभर सांगून झाल्यावर तिला वाचून दाखवायला सांगितलं तर दोनच ओळी. माझी बहीण चुकून खोलीत आली. पुन्हा असं होणार नाही.

"मी चुकून आले नव्हते," मी म्हटलं.

"माहीत हाय. तू परवा नांदेडला जाशील, अक्का. मला इथंच बसायचंय."

तिनं ते पाठवून दिलं. मग मॅनेजरचा व्हिडिओ कॉल. मी जिन्यात उभी. त्यानं खोली दाखवायला सांगितली. तिनं लॅपटॉप उचलून चारी भिंती सावकाश दाखवल्या, कपाट उघडून दाखवलं, पलंगाखालीही दाखवलं. दर वेळी येस सर. खाली दुकानात काका गिऱ्हाइकाला सोडून जिन्याच्या तोंडाशी आले होते.

नोकरी राहिली. अट एवढीच की कामाच्या वेळात दार आतून बंद पाहिजे. मावशीचा चहाही बंद झाला.

विद्यापीठाला गेट असतं, तिथं ठिय्या देता येतो. या कंपनीवर मोर्चा न्यायचा म्हटलं तर तो मावशीच्याच जिन्यावर न्यावा लागला असता. निघताना माफी मागायला मला तोंड नव्हतं. मागितली असती तर ती बरं म्हणाली असती आणि परत पडद्याकडं वळली असती.

नांदेडला येऊन बाराही पानं फाडली. नव्या कथेतली प्रोग्रामर भाषण देत नाही. ती वाचते, एक ओळ काढते, खुलासा लिहिते. संपादकांचा निरोप आला की मुलगी जिवंत वाटते, पण फार लाचार आहे. शेवटी राजीनामा द्यायला लावा, लगेच अंकात घेतो.

मी तिला फोन केला. विचारायचा हक्क नव्हता, तरी विचारलं. जेवणाची सुट्टी होती, तोंडात घास होता.

"देऊ दे की राजीनामा. तिच्या मागं कुठं उदगीर लागलंय."

चार वेळा तो परिच्छेद लिहायला बसले. दर वेळी ती उठते, लॅपटॉप मिटते, कडी काढते आणि जिन्यात काका फोन कानाला लावून उभे असतात. त्याच्या पुढं मला लिहिता येईना. कथा होती तशीच पाठवली. परत आली.